पोकळ चिंबोरी

खाडीच्या धक्क्यावरची कोळीण प्रत्येक चिंबोरी उलटी करून अंगठ्यानं तिचं पोट दाबून बघते. दबलं की ती पोकळ. आज मी उचललेली मोठी, हिरवट चिंबोरी तिनं माझ्या हातातून काढूनच घेतली.

"ताई, ही नका नेऊ. पुनवेची हाय. आत नुसतं पानी."

"बाहेरून तर सगळ्या सारख्याच दिसतात."

"कवच नवीन आलंय ना तिला. मांस नाय धरलं अजून."

चिंबोऱ्या निवडून आणायचं काम आमच्या ह्यांचं. ते जाऊन दोन महिने झाले. भेटायला येणारी माणसं म्हणतात, छान सावरलात. मी मान हलवते. रडू येत नाही, भूकही लागत नाही; साडी तेवढी नीट नेसलेली असते. अंगठ्यानं दाबून बघायची रीत माणसांत नाही.

"भरायला किती दिवस लागतात हिला?" मी विचारलं.

कोळणीनं चिंबोरी खाली पाण्यात सोडून दिली.

"खात राहिली तर भरंल अवसेपर्यंत." मग माझ्याकडे बघत तिनं विचारलं, "तुमी काय खाल्लंत सकाळी?"

मला आठवेना.