इंजिनाचा खांदा

डिप्लोमा घेऊन मी अमरावतीला घरी आलो, तेव्हा वडील म्हणाले, "चला, आता हात काळे करायला मोकळा झालास." वडील शाळामास्तर. पोथी आणि पाटी सोडून आमच्या घरात कोणी तिसरी वस्तू हातात धरलेली नव्हती, त्यामुळे त्यात टोमणा होता. मला मात्र तो आशीर्वादच वाटला. मला हात काळेच करायचे होते. आमच्या गल्लीमागे कापसाची जिनिंग होती. हंगामात तिचं इंजिन सुरू झालं की मी शाळेचं दप्तर टाकून कुंपणाला जाऊन चिकटायचो आणि कोणीतरी कान धरून घरी आणेपर्यंत तिथून हलायचो नाही.

नोकरी लागली अकोल्याला. तेलावर चालणारी इंजिनं विकणारी एक एजन्सी होती. पुढे दुकान, मागे दुरुस्तीचा कारखाना. मी मागच्या दाराकडे बघत उभा आणि साहेब मला पुढच्या दारातून बाहेर काढायला बसलेले! साहेब पुण्याकडचे. म्हणाले, "कारखान्यात जागा आहे, पण आधी गावोगाव फिरा. तुमची ती 'करून राहिलो' भाषा खेड्यात चालते. आमचं बोलणं ऐकलं की लोक दार लावून घेतात."

मी म्हणालो, "साहेब, मी इंजिन शिकलोय, भाषा नाही."

"इंजिन शिकलेले मागे चार बसलेत हो. एक इंजिन विका. ते पोळ्यापर्यंत बिनतक्रार चालू द्या. पोळा झाला की कारखाना तुमचा."

शब्द पक्का होता. मी पिशवी उचलली.

आता विकणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. तेल्हाऱ्याकडे एका शेतकऱ्यानं मला मोठ्या कौतुकानं विहीर दाखवली. मी आत वाकून बघितलं, झरा बघितला आणि त्याला सांगून टाकलं की या विहिरीला आमचं इंजिन लावलंत तर दुपारच्या आत तळ दिसेल. तो माणूस इतका खूष झाला की त्यानं मला भाकर-पिठलं खाऊ घातलं, वर ताक पाजलं आणि इंजिन घेतलं नाही. साहेब भडकले. "विहीर मोजायला पाठवलं होतं का तुम्हाला?" अहो, मग इंजिनिअर कशाला पाठवला होतात? पण हे मी मनात म्हणालो. तोंड बांधून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

अखेर अकोटच्या अलीकडे एक म्हातारे माळीबाबा भेटले. वांगी आणि झेंडूचा मळा, विहिरीला पाणी भरपूर आणि मोटेवर बैलांच्या दोन जोड्या. त्यांनी मला खूप प्रश्न विचारले. धूर किती निघतो, खातं काय, रात्री ओरडतं का. शेवटी विचारलं, "हे थकत नाई?"

"थकत नाही, बाबाजी."

"मंग याचा जोर कुठी येते?"

ज्या चाकावरून पट्टा खाली विहिरीतल्या पंपाकडे जातो, त्या चाकावर मी हात ठेवला. मला त्यांना सगळं नीट समजावून सांगायचं होतं. पण सकाळपासून बोलून घसा बसला होता, ऊन मी म्हणत होतं, आणि तोंडातून निघून गेलं, "इथं. बैलाचा खांदा असतो ना, तसं समजा. सगळा भार इथंच."

माळीबाबांनी त्या चाकावरून हात फिरवला. तिथंच सौदा झाला.

इंजिन बसलं, चाललं. त्या वर्षी श्रावणात पावसानं ओढ दिली होती आणि सगळ्या शिवारात हिरवा दिसत होता तो एवढा एकच मळा. माळीबाबांनी बैलांची एक जोडी विकून टाकली. मी अकोल्यात बसून पोळ्याची वाट बघत होतो. कारखान्यातला एक कोपराही मी मनातल्या मनात माझा ठरवून टाकला होता.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी अकोटच्या सर्व्हिस मोटरीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला, "इंजिन चालते, पानी येत नाई."

कपाळ माझं! साहेबांनी कारखान्यातला एक फिटर माझ्याबरोबर दिला. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. विकणाऱ्या लोकांशी कारखान्यातले लोक बोलत नसत. मळ्यात पोचल्याबरोबर त्यानं इंजिनाचं डोकं खोलायला घेतलं. विहिरीभोवती अर्धं गाव जमलं होतं. "बैल इकले ना पोळ्याच्या तोंडावर! लागला तयतयाट," असं कोणीतरी मोठ्यानं म्हणालं. माळीबाबांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला, आणि फिटरचाही, कारण जे चालत होतं तेच तो खोलून बसला होता.

मी पट्ट्याजवळ गेलो. पट्ट्याची आतली बाजू पिवळी पडली होती. बोट लावलं तर तुळतुळीत. वास घेतला. तूप! तूप आणि हळद!

"बाबाजी, हे काय?"

"खांदमळनी केली," माळीबाबा म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा मळतो ना आमी, तूपहयदीनं. सालभर जू वाहते तो. यानं बैलाची जागा घेतली, मंग मान नको याले? तुमीच तं दाखवलं होतं भार कुठी येते ते."

घरातल्या साऱ्या बाया-माणसांनी मिळून त्या चाकाला तूप चोळलं होतं, ओवाळलं होतं आणि बैलांना देतात तसं पोळ्याच्या जेवणाचं आवतणही दिलं होतं. पट्टा कातडीचा. चाकाला घट्ट धरून फिरला तरच खाली पंप फिरणार. तुपावर तो जागच्या जागी घसरत होता आणि इंजिन आपलं धडधड धडधड करत मोकळंच पळत होतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोकं विहिरीच्या काठावर आपटून घ्यावंसं वाटलं.

घासलेट मागवलं, चूल उकरून राख आणली. पट्टा उतरवून मी स्वतः घासला, चाक घासलं. फिटरनं कुरकुरत इंजिन परत जोडलं. पट्टा चढवला, हँडल मारलं आणि पाटात पाणी आलं. मघाचा तो बैलांचा तळतळाट काढणारा माणूस सगळ्यांच्या आधी हात-पाय धुवायला पुढे सरसावला. आणि माझे हात? कोपरापर्यंत काळे! इतका आनंद मला डिप्लोमा मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्या बाजारच्या दिवशी माळीबाबा टोपलीभर वांगी घेऊन दुकानात आले. बरोबर दोन शेजारी. साहेबांना म्हणाले, "या भाऊनं समजावून सांगतलं तं हे बी घेतात इंजिन. दुसरा कोनी नोको."

साहेबांचा चेहरा उजळला. ते तिघे गेल्यावर मी विचारलं, "आणि कारखान्याचं काय, साहेब?"

"कारखान्याचं काय? तक्रार आली की नाही? पाणी तर पोळ्याच्या आदल्या दिवसापासूनच बंद होतं."

"आली. पण दुरुस्त मी केली. तुमच्या फिटरला दोष सापडला नाही."

"दुरुस्त?" साहेबांनी एक वांगं उचलून उलटसुलट करून बघितलं. "पुसलंत तुम्ही. पुसायला डिप्लोमा कशाला लागतो? अहो, लोक तुमच्या बोलण्यावर इंजिन घेतात. असा माणूस मी मागे बसवू? फिरतीची पक्की नोकरी घ्या, नाहीतर घरी जा."

आजही ते 'पुसलंत' आठवलं की माझी कानशिलं तापतात. दोष शोधणं म्हणजेच तर आमची विद्या! पुसायचं तर कोणीही पुसेल, पण काय पुसायचं ते कळायला नको?

मी अमरावतीला गेलो. वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बोलून पोट भरतंय, हात स्वच्छ राहताहेत. तुझी तक्रार नेमकी काय आहे?" परत आलो आणि फिरती घेतली.

वर्षभर फिरलो. पिशवीत नमुन्याचे लोखंडी-पितळी भाग, पट्ट्याचे तुकडे, चित्रांची जाडजूड पुस्तकं. चांदूर रेल्वेच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत तासन्‌तास बाकावर, नाहीतर बंडीत, नाहीतर पायी. उजव्या खांद्याला पिशवीच्या पट्ट्यानं घट्टा पडला. विक्री चांगली होती, हेच तर दुखणं! आगीतून फुफाट्यात पडलेल्याला कोणी विचारतं तरी. मला सगळे शाबासकी देत होते. मधल्या काळात अकोटच्या एका जिनिंगच्या मालकानं विचारलं होतं, "इंजिनघरात मदतनीस पाहिजे, येता का?" पगार कमी होता. वडिलांचा चेहरा डोळ्यापुढे यायचा आणि मी सांगतो-सांगतो म्हणत लांबणीवर टाकत होतो.

पुन्हा पोळा आला. आदल्या दिवशी मी मुद्दाम माळीबाबांच्या मळ्यात गेलो. म्हटलं, पुन्हा तूप लावलं तर पुन्हा माझंच नाव. ते वाटीत तूप-हळद कालवून बैलांजवळ उभे होते.

"बाबाजी, इंजिनाला नाही हं!"

"ठावं हाय आता," ते हसले. बैलांचे खांदे मळून झाले. वाटीत थोडं उरलं होतं. मी पिशवी उतरवून घाम पुसत होतो, तेवढ्यात त्यांचं लक्ष माझ्या खांद्याकडे गेलं. सदरा तिथं विरून गेला होता. त्यांनी सदरा बाजूला सारला आणि उरलेलं तूप त्या घट्ट्यावर चोळलं. दोन्ही हातांनी, बैलाला चोळतात तसं.

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," ते म्हणाले.

मी रडलो. हो, चारचौघांत, बैलांसमोर उभा राहून रडलो. वर्षभरात माझ्या तोंडाचं कौतुक सगळ्यांनी केलं होतं. खांदा कोणी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो. बैल शिंगांना बेगड लावून आरामात रवंथ करत होते. पुरणपोळी वाढता वाढता माळीबाबांनी विचारलं, "आता कोन्या गावाले?"

"आता फिरणं बंद, बाबाजी. कालच मालकाला हो सांगून आलो, उद्यापासून अकोटच्या जिनिंगात. इंजिनावर."

त्यांचा वाढता हात थांबला. "मंग आमाले इंजिनाचं कोन समजावून सांगन?"

मी पुरणपोळीचा घास मोडला.

"जा," ते म्हणाले. "पन भाऊ, तुमी बोलता लय चांगले."