मनकर्णाबाईची पुढची सीट

परतवाड्याच्या जीप स्टँडवर देवरावचं राज्य. चांदूर बाजारच्या फेरीला नऊ जणांच्या जीपमध्ये पंधरा कोंबायचे आणि वर आपणच उपकार केल्यासारखं ओरडायचं, "सरका, सरका!" आम्ही सरकायचो. न सरकणारी एकच, बांगड्या विकणारी मनकर्णाबाई. भाडं आधीच देवरावच्या हातावर ठेवून ती पुढच्या सीटवर बसायची, म्हणजे उठवायला त्याला तोंड उरू नये.

त्या मंगळवारी जीप भरली आणि काळे चष्मे लावलेले दोन वसुलीवाले आडवे आले. देवरावचा जीपच्या कर्जाचा एक हप्ता थकला होता, पण तो त्यानं आठवड्यापूर्वीच भरला होता. मोबाइलवरचा मेसेज त्यानं दाखवला. "आमच्या सिस्टममध्ये दिसत नाही," म्हणत एकानं हात पुढे केला. आमच्यावर वाघासारखं गुरगुरणाऱ्या देवरावनं मांजर होऊन किल्ली दिली. पोटापाण्याची गाडी हातची चालली होती आणि हा "साहेब, साहेब" करत होता! आम्ही शिकलेसवरलेले शहाणे मुकाट्यानं खाली उतरलो. लाज नावाची वस्तू त्या दिवशी स्टँडवर कुणाकडेच नव्हती.

मनकर्णाबाई मात्र हलली नाही.

"आजी, उतरा. गाडी जप्त झाली," एक वसुलीवाला म्हणाला.

"मंग मी बी जप्त झाली काय? भाडं देल्लं हाये म्या. जप्तीचा कागद दाखव."

"कागद ऑफिसात आहे."

"मंग जाय, घेऊन ये. मी अठीच बसून हाये. रासनले गेली, कागद मांगतला. निराधारच्या पैशाले गेली, कागद मांगतला. जनमभर मलेच मांगतले बाप्पा सब्बाईनं. आज मी मांगून राहिली!"

तिनं ओळखपत्र मागितलं, तर त्यांच्याकडे तेही नव्हतं. "मंग ठाण्यातच ने मले," म्हणत तिनं बांगड्यांची टोपली मांडीवर घट्ट धरली. ती ठाण्यापर्यंत जायला निघाली म्हटल्यावर आम्हालाही एकाएकी कायदा आठवला. नोटीस, अधिकारपत्र असं काहीबाही बडबडत आम्ही पुन्हा चढून बसलो. भरल्या जीपकडे पाहून वसुलीवाल्यांनी किल्ली बॉनेटवर टाकली आणि "पुन्हा येऊ" म्हणत मोटारसायकल वळवली.

देवरावचे डोळे भरून आले. त्यानं किल्ली कपाळाला लावली, मनकर्णाबाईला हात जोडले आणि गाडी सुरू केली. तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक धावत आलं.

"मावशी, सरका जराशा," देवराव गुरगुरला, "एक सीट बसते."

मनकर्णाबाईनं मानही वळवली नाही.

"मले सरकवाचा कागद दाखव पयले."