नुसते ओठ हलवा

अमेरिकेत हर्नडनच्या आमच्या मराठी मंडळात आरती असो की दिवाळीचं समूहगान, सगळ्यांनी एकाच सुरात गायचं. मी अगदी मन लावून गायचे, आणि दोन ओळींत माझा सूर सगळ्यांच्या खाली जाऊन बसायचा. चार वर्षांपूर्वी तालमीत, गाण्याचं बघणाऱ्या वहिनी सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तुम्ही ना, नुसते ओठ हलवा. साडी मात्र छान नेसता हं, पुढच्या रांगेत उभ्या राहा."

मी राहिले. ओठही हलवले. पण त्याच दिवशी ठरवलं, हे वाक्य या बाईला परत करायचं, तेही स्टेजवर. दात घासताना आरशासमोर मी त्याची प्रॅक्टिस करायचे. नवरा म्हणायचा, "अगं, आधी फेस तरी थुंक."

शेजारी जमैकाची तीन भावंडं, दोघे भाऊ नि एक बहीण, गराजमध्ये त्यांच्याकडची रेगे गाणी गायची. तिघांचे तीन सूर वेगळे, तरी एकत्र गोड लागायचे. मग खालचा सूर धरणारा थोरला नोकरीसाठी फ्लोरिडाला गेला आणि गाणं लंगडं झालं. एका संध्याकाळी कचऱ्याचा डबा आत घेताना मी त्यांच्याबरोबर गुणगुणत होते, सवयीने खालीच. बहीण धावत बाहेर आली. "आँटी, परत म्हण! हाच सूर हवाय!"

जन्मभराचा दोष असा कामाला लागला. आधी त्यांच्या चर्चचा हॉल, मग शनिवारचा भाजीबाजार, मग उन्हाळ्यात पार्कातलं मोठं स्टेज. लोक उठून नाचले. मी वहिनींचा चेहरा आठवून गायचे; सूर हलायचा नाही.

यंदा दिवाळीला मंडळाने आमचा ग्रुप बोलावला. फोन वहिनींनीच केला, शेजारणीला. ग्रुपमध्ये तिसरं कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मीही कळू दिलं नाही.

शेवटच्या गाण्याला आम्ही वहिनींना स्टेजवर साथीला बोलावलं. पहिल्या गाण्यालाच मला बघून त्या दचकल्या होत्या, पण सूर खणखणीत लावला. एका कानाशी वरचा, दुसऱ्याशी मधला, मागून माझा खालचा. कधी याच्यामागे, कधी तिच्यामागे धावत वहिनी पार भरकटल्या. मी वाकून गोड आवाजात म्हटलं, "वहिनी, तुम्ही ना, नुसते ओठ हलवा. साडी छान आहे."

त्यांनी हलवले!

त्या आनंदात माझी ओळच सुटली. व्हिडिओत चांगले दहा सेकंद आम्ही दोघी शेजारीशेजारी नुसतेच ओठ हलवतोय.

"आई, वॉज इट वर्थ इट?" लेकीने विचारलं.

मी तेवढाच तुकडा पुन्हा लावला.