अडीचचा हिरवा चुडा

सानगडीच्या बाजारात शकुनबाई बांगड्या भरते. बाईचा पंजा एकदा दाबला का माप सांगते, आणि एकदा भरलेला हात कधी भुलत नाही.

तिची एकुलती पोरगी स्वाती, शहापूरले दिलेली. २००६ साली पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली. सातव्या महिन्याच्या ओटीले मायच बांगड्या भराले बसली. पोरीचं माप सव्वादोन. लग्नात तेच, दिवाळीत तेच. त्या दिवशी सव्वादोनची बांगडी मुठीवरच अडली. साबण लावला, तरी जाईना. अडीच लागली.

बाया हसल्या. "मस्त भरली वो पोरगी! माहेरचा भात मानवला."

"मानवंन नाही त काय? तिकडं सासू नुसती पेज पाजते!" शकुनबाई तोऱ्यात बोलली.

"माय, डोस्कं लय ठणकून राहिलं," स्वाती म्हणाली. "सिस्टरनं बीपी मोजाले बोलावलं होतं."

"भरल्या ओटीनं कोणी दवाखान्यात जाते का? सोमवारी जाऊ."

रविवारीच पोरीले झटके आले. जीपनं साकोली, साकोलीवरून भंडारा. सलाईनसाठी नर्स बांगड्या काढाले गेली. निघेनात. मग फोडल्या. दुपारी पोरगी गेली. लेकरू पोटातच गेलं.

डॉक्टर म्हणाले, "या आजारात रक्ताच्या नळ्या आतून सुजतात, आवळतात. दाब चढतो. पाणी नळ्यांबाहेर झिरपतं, मग तोंड-हात सुजतात. घरात कुणालाच कसं कळलं नाही?"

कळलं होतं, शकुनबाईच्याच बोटांले.

दोन महिन्यांनी तिनं पुन्हा पेटी उघडली. पोट का थांबते? पण आता गरवार बाईचा हात वाढलेला लागला, का ती बांगडी खाली ठेवते. "मी नाही भरत. आधी बीपी मोजून ये."

लोकांले तो अपशकुन वाटते. "सोताची खाल्ली, आता आमच्या पोरीवर डोळा." ओटीले तिले बोलावणं बंद झालं.

परवा शेजारच्या कौशल्याबाईकडं सुनेची, डिंपलची ओटी होती. बांगड्यावाली साकोलीवरून आणली. शकुनबाईनं कुडावरून पाहिलं. डिंपलचं तोंड फुगलेलं, बांगड्यावाली साबण घासून राहिली.

"कितीची लागली वो?" कोणीतरी विचारलं.

"अडीच! मागं सव्वादोन होती."

बाया हसल्या. शकुनबाई धावतच त्यांच्या दारापाशी गेली. "कौशल्याबाई, तिले आजच्या आज दवाखान्यात ने वो!"

कौशल्याबाईनं आतून कडी घातली.