कोंडा चाखणारी

त्या सकाळी गोठ्यावर कोण कोण होतो ते आधी सांगते, म्हणजे मागाहून घोळ नको. मी होते. गोठ्याचे मालक अण्णा होते, त्यांची बायको वहिनी होती. सलीमभाई होते, म्हशींचा कोंडा त्यांच्या टेम्पोतून येतो. आन ती होती. म्हशींना माणसांत धरलं तर चंद्री पण होती, दारातल्या पहिल्या दाव्याला, गाभण.

सलीमभाईंनी पहिली गोण उतरवली. तिने सुतळी सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला, तळातला कोंडा मुठीत वर काढला आन चिमूटभर जिभेवर ठेवला. डोळे मिटले. आमी सगळे गप्प. गोण आली की नेहमी असंच व्हायचं, तिचे डोळे उघडेपर्यंत कोण बोलायचं नाय.

"गोड हाय," ती बोलली. "उतरवा."

सलीमभाईंनी बाकीच्या गोणी उतरवल्या.

तिचं नाव मी लिहीत नाय. गोठ्यावर सगळे तिला बाय म्हणायचे, मी पण. माझ्याहून थोडी मोठी. बुटकी, डाव्या कानाची पाळी फाटलेली. कोणे काळी कुडी ओढली गेली होती, कशी ते तिने कधी सांगितलं नाय. पनवेलच्या या अंगाला तिच्या सासरची शेती होती, आज तिथं लिफ्टवाल्या इमारती हायत. नवरा गेला, जमीन गेली, म्हशी विकल्या. शेवटच्या म्हशीला सोडायला ती अण्णांच्या गोठ्यावर आली आन परत गेलीच नाय. वैरण ठेवायच्या खोलीत रिकाम्या गोण्यांवर झोपायची. केसांना कायम कोंड्याचा वास.

तुमी कधी गोठा बघितला नसंल तर सांगते. भात गिरणीत घातलं की तांदूळ माणसाला. वरचं जाड तूस विटांच्या भट्टीला, त्यात खायला काय नाय. आन तांदळाच्या अंगचा बारीक पिवळट कोंडा असतो तो म्हशीला. कोंडा, तुरीची चुनी, सरकीची पेंड, मूठभर मीठ, असं पाण्यात भिजवायचं. त्याला आंबोण म्हणतात. धारेच्या वेळी ते पुढं ठेवायचं, बाकी पेंढा आन मिळंल तो ओला चारा. माणूस ज्याला टाकाऊ म्हणतो ते खाऊन म्हैस दूध देते.

पण कोंड्यात लबाडी फार. कोण तूस बारीक दळून मिसळतं, कोण जुना कोंडा नव्यात ढकलतं. जिभेला टोचलं तर तूस. कडवट लागलं तर जुना, खवट झालेला. भिजल्या मातीसारखं लागलं तर बुरशी. गोड लागलं तर ताजा. हे मला ठाऊक होतं, पण तिने मला कधी चाखू दिलं नाय. मी हात पुढं केला की बाजूला सारायची. "दोघींनी कशाला तोंड खराब करायचं गो? आधी मी खाणार, मग त्या." रोज हेच. आधी मी खाणार.

एकदा सलीमभाईंच्या गोणीतली चिमूट तिने थुंकून टाकली आन बोलली, ही घरी न्या, भाभीला सांगा थालीपीठ लाव. सलीमभाई बोलले, बाय, मग उद्यापासून मीच तुझ्या दाव्याला. तिने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आन विचारलं, "दूध किती द्याल?"

वहिनी पदर तोंडात घालून हसत बसली. सलीमभाईंनी गोण परत टेम्पोत टाकली, भांडले नाय. त्यांचा पण तिच्या जिभेवर भरवसा. दुसऱ्या गोठ्यांवर सांगायचे, त्या बायने घेतलाय म्हणजे माल चांगला.

मी इथं आले ती आमचे हे गेल्यावर. आधी बंगल्यांवर भांडी केली, मग गुडघे गेले, खाली बसवेना. इथं शेणात उभं राहून काम, ते जमलं. पहिल्या दिवशी मला काय येत नव्हतं. तिने काय विचारलं नाय, आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून दिला आन बोलली, पी, मग भारा आणायला जाऊ.

भारा म्हणजे ओला चारा. आधी तो गोठ्याच्या मागंच मिळायचा, बांधाबांधावर. मग बांध राहिले नायत. आमी दोघी पळस्प्याच्या बाजूला रस्त्याकडेचं गवत कापायला जायचो. हायवेच्या गाड्यांची धूळ त्या गवतावर बोटभर. ती भारा हौदात बुचकळायची, झटकायची, परत बुचकळायची. बोटं पाण्याने सुरकुतून जायची. मी बोलले, पुरे कर, म्हशी काय आरशात बघतात काय. ती बोलली, तुझ्या भातावर कोणी टायर झटकला तर खाशील काय. मग मी पण झटकायला लागले.

चंद्री तिच्या हातची. चंद्रीची आई विताना मेली, तेव्हा तांदळाची पेज आन दुसऱ्या म्हशीचं दूध हाताने पाजून तिने तिला जगवलं. मोठी झाली तरी चंद्री सवयीची तशीच राहिली. गव्हाणीतलं सगळ्यात शेवटी खायची, बायच्या हातातलं सगळ्यात आधी. अण्णा म्हणायचे, म्हैस माझी नावाला, तिला विचारशील तर तिचा मालक वेगळा हाय.

मग आमच्या बाजूच्या गिरणी बंद पडत गेल्या. भातच नाय तर गिरण कशावर चालणार? कोंडा लांबून यायला लागला. ट्रकने कळंबोलीपर्यंत, तिथं ताडपत्रीखाली पडून, मग सलीमभाईंच्या टेम्पोने आमच्याकडे. पूर्वी गरम कोंडा गिरणीतून डोक्यावर आणायचो, आता गोण कधीची भरली ते आणणाऱ्याला पण माहीत नसायचं. त्यामुळं तिच्या चाखण्याला जास्तच वजन आलं. अण्णा गोणीकडे बघायचे पण नायत, तिच्या तोंडाकडे बघायचे.

करोनात ती पडली. खोलीत एकटीच. मी दाराशी पेज ठेवून लांब उभी राहायचे, ती आतून हात करायची. पुष्कळ दिवसांनी उठली, अर्धी झालेली, भिंत धरून चालणारी. उठल्या उठल्या गोणीशी गेली. चिमूट घेतली, डोळे मिटले, बोलली, ठीक हाय. वहिनीने तिच्यावरून मीठमिरच्या ओवाळून टाकल्या.

त्यानंतर काय काय बारीक बारीक होत होतं. चहात साखर नाय घातली तर तिला कळायचं नाय. एकदा बोंबलाचं कालवण विटलं होतं, मी वास घेऊन टाकायला निघाले, तर ती आपल्या ताटातलं संपवून बसलेली. विचारलं तर बोलली, चांगलं झालंय. मला वाटलं, आजारातून उठलीय, भूक लागली असंल. तुमी असता तर तुमाला पण तसंच वाटलं असतं.

आता त्या सकाळच्या गोणीकडे येते.

त्याच दिवशी संध्याकाळी नव्या कोंड्याचं आंबोण केलं आन म्हशींपुढं ठेवलं. पहिलीने हुंगलं आन मान फिरवली. दुसरीने पण. ओळीतल्या सगळ्या म्हशी फुरफुर करून मागं सरल्या. मी बोलले, बाय, बघ गो काहीतरी. तिने परत चिमूट तोंडात टाकली, परत डोळे मिटले. बोलली, कोंडा गोड हाय, वातावरण बदललंय म्हणून नखरे करतात. तिने गोड म्हटलं म्हणजे गोड, आमी कोणी गोण हुंगली पण नाय.

दुसऱ्या दिवशी तिने गूळ आणला. पाण्यात विरघळवून आंबोणावर ओतला. गोठ्यावर कोणी असं करत नाय. म्हशीने तोंड फिरवलं तर आपण थांबायचं, हे तिनेच मला सांगितलेलं. पण ती थांबली नाय. गुळाने बाकीच्यांनी थोडं थोडं तोंड लावलं आन सोडलं. चंद्रीने तेवढं पण केलं नाय. मग ती चंद्रीपुढं उकिडवी बसली आन आंबोणाचे मुटके करून हाताने भरवायला लागली. "खा माझे बाय, पोटात दुसरं हाय तुझ्या. उपाशी राहून कसं होईल?"

चंद्रीने खाल्लं. चार-पाच दिवस खात राहिली, तिच्या हातातलं म्हणून.

मग तिचं रवंथ थांबलं. पोट दगडासारखं. एका सकाळी गेले तर मागं जमिनीवर पारडू पडलेलं, दिवस न भरलेलं, केस पण धड न आलेले. चंद्री आडवी, मान मातीत. बाय तिच्या डोक्याशी बसून कानांवरून हात फिरवत होती. पारडाकडे तिने बघितलं नाय. मीच ते गोणपाटात गुंडाळलं आन मागं नेऊन पुरलं.

जनावरांच्या डॉक्टरीण आल्या, तरणी पोर. चंद्रीला तपासलं, सलाईन लावलं, पोटात औषध ओतलं. मग गव्हाणीतला उरलेला कोंडा हातात घेऊन हुंगला. याला बुरशी हाय, गोणी कुठंतरी भिजून परत सुकवल्यात, असं त्या बोलल्या. सलीमभाई पण आले होते. ते कपाळाला हात लावून खाली बसले. मी जशा घेतल्या तशा आणल्या, एवढंच ते बोलले, आन ते खरं होतं.

मी गोणीत हात घातला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिमूट जिभेवर ठेवली. ओल्या भिंतीसारखी चव, मागून कडू. नाकात पण भरलं. लहान पोराने थुंकलं असतं असा कोंडा.

मी तिच्याकडे बघितलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती.

सगळे बाहेर गेल्यावर मी तिच्या शेजारी उपड्या बादलीवर बसले. विचारलं, "कधीपासून चव नाय तुला?"

"ताप गेला तेव्हापासून."

"वास?"

"तो पण नाय."

"मग बोलली का नाय गो?"

तिने चंद्रीच्या कानावरची माशी हाकलली. "बोलले असते तर मला कशाला ठेवली असती? धार मला आता निघत नाय, भारा उचलत नाय. जीभ होती म्हणून होते इथं." मग कोंड्याच्या गोणीकडे बघत बोलली, "वाटायचं, येईल परत. रोज चाखताना वाटायचं, आज येईल."

अण्णा वाईट माणूस नाय. ते रागावले पण नायत. आत आले, तिच्यासमोर उभे राहिले आन बोलले, "बाय, तू आता कायच करू नको. बसून राहा. दोन वेळचं जेवण वहिनी देईल तुला." भल्यासाठीच बोलले. तिच्या जागी मी असते तर हात जोडले असते. तिने पदराने हात पुसले, हाताला काय लागलेलं नसताना.

डॉक्टरीण जाताना बायच्या देखतच सांगून गेल्या होत्या की म्हैस आजचा दिवस काढंल असं वाटत नाय, तरी आणखी सलाईन आणून ठेवा. दुपारी अण्णा, सलीमभाई आन मी टेम्पोतून बाजारात गेलो. वहिनी घरात भाकऱ्या थापत होती. परत आलो तर बाय नव्हती. खोली झाडलेली. आंबोणाचं पिंप घासून उपडं घातलेलं. दोन लुगडी होती ती गेलेली. चंद्रीच्या मानेखाली तिने स्वतःच्या अंथरुणातली गोण घडी करून सरकवली होती, म्हणजे तोंड मातीत जाऊ नये.

सलीमभाईंनी फार शोधलं तिला. कोणी सांगितलं, पळस्पे फाट्यावर एक म्हातारी गाडीची वाट बघत उभी होती. कोणी सांगितलं, उरणला तिची भाची हाय. सलीमभाई मला घेऊन उरणच्या मोरा बंदरापर्यंत गेले. भाची भेटली, धक्क्यावर मासळी निवडत होती. बोलली, मावशी इकडे आलीच नाय, लग्नानंतर मी तिला बघितलेली पण नाय. आमी तिथंच धक्क्यावर थोडा वेळ उभे राहिलो. लाँचमधून माणसं उतरत होती, सलीमभाई एकेका म्हातारीच्या तोंडाकडे बघत होते. मग परत आलो.

तिच्याकडे मोबाईल नव्हता. फोटो पण नाय. वहिनीच्या पोरीच्या लग्नाच्या फोटोत ती पंगतीच्या टोकाला हाय, पण तोंड वळलेलं.

आता कोंडा मी चाखते. अण्णांनी सांगितलं नाय, मीच सुरू केलं. माझे दात गेलेत, पण चव हाय अजून. सलीमभाई गोण उतरवून माझ्याकडे बघतात, मी हो म्हणते नायतर नाय म्हणते. थट्टा कोणी करत नाय.

तुमच्याकडे माझं एवढंच काम हाय. पेण, उरण, कर्जत, कुठंही एखाद्या गोठ्यावर नायतर एसटी स्टँडवर अशी बुटकी म्हातारी दिसली, डाव्या कानाची पाळी फाटलेली, तर तिला काय विचारू नका, कुठली, का निघालीस, काय नको. तिला फक्त सांगा, चंद्री मेली नाय. ती दुसऱ्या दिवशी उठून उभी राहिली, आता दूध पण देते. पारडू गेलं ते तिला माहीत हाय, ते परत सांगू नका.