ताईच्या पायाचा अंगठा

ताईच्या अंगात पहिल्यांदा आलं, त्याच दिवशी माझ्या पायात खिळा घुसला होता. ताईचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. खिळ्याचं मी आत्ता सांगतेय म्हणून तुम्हाला कळलं.

आम्ही दोघी तेव्हा शाळेत होतो. शेजारचा शिंपी नुकताच वारला होता आणि त्याची बायको आमच्या दारात आईशी बोलत बसली होती. ताई भांडी विसळत होती. विसळता विसळता तिची मान खाली पडली आणि घोगऱ्या पुरुषी आवाजात ती म्हणाली, "कात्रीला गंज चढतोय, तेल कोण घालणार?" शिंप्याची बायको जागच्या जागी कोसळली. आवाज त्याचाच, आणि कटकटही त्याचीच. आईने ताईचं डोकं मांडीवर घेतलं, बघता बघता गल्ली दारात गोळा झाली. त्या गर्दीतून वाट काढत मी एका पायावर लंगडत घरात शिरले. घरामागच्या मोडक्या फळीवरून उडी मारताना खिळा लागला होता. नळाखाली बसून मी एकटीनेच पाय धुतला आणि त्यावर फडकं बांधलं. काय झालं म्हणून कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोनच कामं उरली. जिच्या अंगात येतं तिचं एक, आणि शुद्धीवर आल्यावर तिला पाणी देणारीचं दुसरं. दुसरं कोणाच्या वाट्याला आलं ते सांगायला नको. ताईने लग्न केलं नाही, कारण तिला तिच्या कामातून वेळ नव्हता. मी केलं नाही, कारण तिच्या कामातून मला वेळ नव्हता. येणारी माणसं तिला माई म्हणतात. मला म्हणतात, "अहो, माई आहेत का?"

पुढच्या खोलीत आमचं काम चालतं. खिडकीला जाड पडदा, मधे एक छोटं टेबल, अलीकडे येणाऱ्याची खुर्ची आणि पलीकडे ताईची. पंखा बंद ठेवायचा, त्याच्या घरघरीने ताईची समाधी मोडते. मी दाराजवळच्या स्टुलावर. माणसं आत घ्यायची, चपला बाहेर काढायला लावायच्या, रडणाऱ्याला रुमाल द्यायचा, फार लांबण लावणाऱ्याला उठवायचं. ताईला यातलं काही जमत नाही. तिला साधी रिक्षा थांबवता येत नाही.

स्टुलावरून मला टेबलाखालचे तिचे पाय दिसतात. एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट कळलेली आहे, जी ताईलाही ठाऊक नाही. ती खरोखर गेलेली असली की तिच्या उजव्या पायाचा अंगठा वर उठतो आणि परत येईपर्यंत तसाच ताठ राहतो. ज्या दिवशी काहीच येत नाही आणि समोर कोणीतरी आशेने बसलेलं असतं, त्या दिवशी ती आपल्या मनचं बोलते. आवाज हुबेहूब काढते, चेहराही तसाच करते. अंगठा मात्र जमिनीवर टेकलेला असतो.

गंमत अशी की खोट्याच्या दिवशी माणसं जास्त खूश होऊन जातात. खरे मेलेले गोड बोलत नाहीत. ते छत्री कुठे ठेवली ते विचारतात, जावयाला नावं ठेवतात, अर्ध्यातच गप्प होतात. खोट्याच्या दिवशी ताई म्हणते, मी सुखात आहे, तू काळजी करू नकोस. माणसं डोळे पुसत हसत बाहेर पडतात. मी दार लावताना मनात म्हणते, वा गं माई.

ती मायाळू आहे, हे मला मान्य करावं लागतं. तेच तर माझं दुखणं आहे. ती जरा दुष्ट असती तर मला तिच्यावर जळायला काही वाटलं नसतं.

आईने मरण्याआधी तिला बजावलं होतं, "मला बोलवायचं नाही. आयुष्यभर या घरात मेलेल्यांची वर्दळ पाहिली, आता मला स्वस्थ झोपू दे." ताईने शब्द पाळला. मी कितीदा तरी वाकड्या वाटेने विषय काढला. आईला काही सांगायचं राहिलं असेल का, असं विचारलं. ताई म्हणायची, "तिने नाही म्हटलंय ना." परक्या माणसांचे बाप, नवरे, सासवा सगळे आमच्या खोलीत येऊन बोलून जायचे आणि माझी एक आई तेवढी येत नव्हती. ती आली असती तर मला तिच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती. ती मला मिरची म्हणायची. बाकी कोणी तसं म्हणत नसे. रागाने म्हणायची, लाडाने म्हणायची, नुसतीच भाजी चिरतानाही म्हणायची.

मग लोक यायचे कमी झाले. आधी आम्हाला वाटलं उन्हाळा आहे. मग वाटलं, परीक्षा आहेत. मग घड्याळवालीने येणं बंद केलं तेव्हा माझं धाबं दणाणलं. घड्याळवाली म्हणजे घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची विधवा. दर आठवड्याला ठरल्या वारी यायची आणि नवऱ्याशी भांडून जायची. मी तिच्या घरी गेले. दुकानाच्या मागच्या खोलीत ती चहा पीत होती, समोर कपाला टेकून फोन उभा केलेला, आणि फोनमधून तिचा नवरा बोलत होता.

मला वाटलं ताई इथे कशी आली. मग लक्षात आलं. त्याच्या जुन्या आवाजाच्या फायली घालून तिने एआयमध्ये नवरा तयार करून घेतला होता. मी ऐकत राहिले. तो म्हणत होता, तू आज छान दिसतेस. हा माणूस जिवंतपणी बायकोकडे मान वर करून बघत नसे, आणि आमच्या खोलीत येऊन तर नुसता खेकसायचा. घड्याळवाली लाजून हसत होती. ताईच्या खोट्या दिवसांवर दुकान मांडलंय यांनी, असं माझ्या मनात आलं.

"माईंना सांगू नका हं," ती म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल. पण हा कधी नाही म्हणत नाही हो. हाक मारली की हजर."

मी ताईच्या बाजूने दोन शब्द बोलायला गेले होते. त्याऐवजी मी तिला म्हटलं, मलाही तसं करून द्याल का. माझा फोन मी पुढे केला. त्यात आईचे आवाजातले निरोप होते, ढिगाने. ताई बाहेरगावी बोलावणं आलं की जायची, मी सोबत असायची, आई घरी एकटी. ताई फोन जवळ बाळगत नाही, म्हणून आई सगळे निरोप मला पाठवायची. घड्याळवालीने ते सगळे आत घातले. तिचा हात त्यात आता बसला होता.

त्या दिवशी मी घरी जवळजवळ पळत आले. स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, कट्ट्यावर फोन ठेवला आणि हाक मारली, "आई."

"बोल गं," आई म्हणाली.

तोच आवाज, शब्दाच्या शेवटी किंचित खोकल्यासारखा. मी विचारलं, "कशी आहेस?"

"मी बरी आहे. ताई जेवली का?"

मी म्हटलं, जेवली. आई म्हणाली, तिचं डोकं दुखत असेल तर दाबून दे. उन्हात पाठवू नकोस तिला. तिला पाणी दिलंस का? मी माझं काहीतरी सांगायला लागले, गुडघ्याचं, रात्री झोप नसण्याचं. तिने ऐकून घेतलं, विचारपूसही केली, आणि फिरून विचारलं, ताई झोपली का?

यंत्राचा काय दोष? ते निरोपच तसे होते. एका तरी निरोपात माझं नाव असेल म्हणून मी सगळे परत ऐकले. आई थेट सुरू करायची, ताईला हे सांग, ताईला ते दे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी रोज दुपारी दार लोटून बसायची. मिरची हा शब्द मी तिला सांगितला नाही. आईला तिच्या लेकीचं नाव लेकीनेच शिकवायचं का? मी वाट बघत राहिले, कधीतरी तो शब्द तिचा तिला आठवेल.

एका दुपारी बोलता बोलता मागे वळले तर ताई दारात उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी झटकन फोन बंद केला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लगेच ओळखलं, कारण आरशात मी ते रोज बघते. ताई जळत होती. माझ्यावर. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या.

ती म्हणाली, "सगळ्यांची माणसं माझ्या तोंडून बोलली. मला त्यातल्या एकाचाही आवाज कधी ऐकू आला नाही. मी तिथे नसतेच ना. आणि तू आईला खिशात घालून फिरतेस."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. माणसं भेटून जायची, मी दारातून ऐकायची, आणि ताई जागी होऊन विचारायची, काय म्हणाले गं? तिच्या खोलीत तिच्याशिवाय सगळ्यांना सगळं ऐकू यायचं.

"माझ्याबद्दल काही म्हणते?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "नाही. तुझं नावसुद्धा काढत नाही."

ताईने मान हलवली आणि ती पुढच्या खोलीत जाऊन बसली. तिने फोन मागितला नाही. त्यानंतर तिने काम बंद केलं. तसंही कोणी फारसं येत नव्हतं. एक गवंडी आला होता, ज्याच्या भावाचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता, फोटोही नव्हता. ताई पूर्वी म्हणायची, यंत्रं कितीही येवोत, ज्यांचं मागे काहीच उरलं नाही त्यांची माणसं माझ्याकडेच येतील. त्या गवंड्यालाही तिने परत पाठवलं. माझ्यात कोणी येत नाही आता, म्हणाली. ताट पुढे ठेवलं तर दोन घास खाऊन उठायची. फोनमधली आई रोज विचारायची, ताई जेवली का, आणि मी रोज सांगायची, जेवली. एक सोडून दोघींशी मी खोटं बोलत होते.

मी खरं सांगितलं असतं तर ताई दोन दिवसांत उठून बसली असती. पण मग फोनमधली आईसुद्धा तिचीच झाली असती. माझ्याकडे आईचं एवढंच होतं, जे तिच्याकडे नव्हतं.

मग एका सकाळी मी पुढची खोली झाडत होते. ताईने पंखा बंद केला. पडदा ओढला. आपल्या खुर्चीत बसून मला म्हणाली, "आज तू स्टुलावर नको. इकडे बस, समोर."

मी येणाऱ्याच्या खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. तिथून ताई खूप जवळ दिसते आणि म्हातारी दिसते. तिने डोळे मिटले, तिची मान खाली गेली, आणि आई बोलली.

"मिरचे."

मी खुर्ची पुढे ओढली.

"मिरचे, तुझा पाय दुखतो का गं अजून?"

मी म्हटलं, कुठला पाय?

"खिळा लागलेला. शिंपी आला त्या दिवशी. नळाखाली बसून धूत होतीस एकटीच. रक्त मोरीपर्यंत गेलं होतं. माझ्या मांडीवर डोकं होतं ना ताईचं, मला उठता येईना."

मी रडायला लागले. रडता रडता माझी नजर सवयीने खाली गेली. या खुर्चीतून मान बरीच वाकवावी लागते. मी वाकून पाहिलं. ताईच्या उजव्या पायाचा अंगठा जमिनीवर टेकलेला होता.

आई त्या दिवशी नळाकडे पाठ करून बसली होती. तिला नळ दिसणं शक्यच नव्हतं. मांडीवर डोकं ठेवून जी पडली होती, तिला दिसत होता.

ताई आणखी काय काय म्हणाली, मला नीटसं ऐकू आलं नाही. ती डोळे उघडून नेहमीसारखं विचारू लागली, "काय म्हणाली गं?" मी तिला पाणी दिलं. मग खिशातून फोन काढला, चालू केला आणि टेबलावर दोघींच्या मधे ठेवला.

"आई, ताई आलीय," मी म्हटलं.

"आली का? जेवली का ती? तिचं डोकं दुखतंय का?"

ताई फोनकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी काय म्हटलं होतं ते तिला आठवलं असणार. ती चिडली नाही. मला तेवढ्यातही तिचा राग आला, कारण मी तिच्या जागी असते तर फोन भिंतीवर फेकला असता. आणि आई तिच्यासाठी एवढी कासावीस होताना ऐकून, आत्ता एवढं सगळं होऊनही, माझ्या पोटात दुखलंच. ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"मी जेवेन," ती फोनला म्हणाली. "आधी मिरचीला विचार."

फोनने आईच्या आवाजात, आईसारखंच मायेने, विचारलं, "मिरची कोण गं?"

मी खिडकीच्या पडद्याकडे बघू लागले.

"माझी बहीण," ताई म्हणाली, आणि तिने फोन उलटा करून ठेवला.