तिचा कामावरचा आवाज

बायको काय करते असं कुणी विचारलं, की तो एकच उत्तर द्यायचा, "फोनवर बसते." तो स्वतः चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत काचा घासायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झालेली. त्यातली बावीस ती रुग्णवाहिकेच्या नंबरावर आलेले फोन उचलत होती. तिथं नेमकं काय चालतं, हे त्यानं कधी खोदून विचारलं नाही आणि तिनं आपणहून सांगितलं नाही. घरी आली की ती गप्प. "अगं, दोन शब्द बोल की," असं तो म्हणायचा. "बोलून बोलून जिभेचा पिट्ट्या पडतो हो," एवढं म्हणून ती डोळे मिटायची.

नाताळच्या सुट्ट्यांत सगळे मजा करत होते, तिला मात्र एकही रजा मिळाली नाही. त्यात शेवटच्या दिवशी ऑफिसच्या पायऱ्यांवरून घसरून तिनं घोटा मोडून घेतला. त्यामुळे सुट्ट्यांनंतरचा पहिला शनिवार-रविवार दोघंही घरातच. शनिवार झोपण्यात गेला. रविवारी सकाळी प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून ती कोचावर पडली होती, तो मटार सोलत होता.

"अहो, खालच्या बाईंचं पार्सलचं खोकं आपल्याकडे पडलंय, तेवढं देऊन या."

खालच्या बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका. दिवस भरत आलेले, आणि नवरा मालगाडीचा चालक, कालच कामावर गेलेला. हा खोकं घेऊन खाली गेला, तर दार अर्धवट उघडं आणि बाई पॅसेजमध्ये भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या.

"काका, येतंय... आत्ताच येतंय!"

त्यानं खोकं खाली टाकलं. खिशातून मोबाईल काढला, पण कुठला नंबर फिरवायचा तेच आठवेना. रोज बायको ज्या नंबरावर बसते तोही नाही. शेवटी त्यानं बायकोलाच फोन लावला.

"अगं, तू खाली ये... नको, तू कशी येणार... बाई इथं..."

"मी ऐकतेय," पलीकडून आवाज आला. "मी इथंच आहे. बाई शुद्धीवर आहेत का? कळा किती वेळानं येतायत?"

चुकून भलताच नंबर लागला की काय, म्हणून त्यानं फोन कानापासून दूर धरून पाहिला. आवाज तिचाच होता, आणि तिचा नव्हताही. त्यात घाई नव्हती, भीती नव्हती. पाठीवर कुणी हात ठेवावा तसा तो आवाज होता. एवढ्यात तिनं घरातल्या दुसऱ्या फोनवरून आपल्या ऑफिसला कळवलंही.

"गाडी निघाली. बारा मिनिटं. फोन स्पीकरवर टाकून खाली ठेवा. दार सताड उघडा. हात धुवा, मिळतील तेवढे टॉवेल आणा."

तो सांगितलं तसं करत गेला.

"डोकं दिसतंय!"

"छान. ओढायचं नाही. नुसता खालून आधार द्या. बाई, तुम्ही फार छान करताय. आता जोर नको, माझ्याबरोबर धापा टाका. हं... हं..."

बाई धापा टाकू लागल्या. आपणही टाकतोय, हे त्याच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

"बाळ निसरडं असतं. नीट धरा."

आणि आलंच ते. तीस वर्षं काचेपलीकडे काही न उचललेल्या हातांत एक ओलं, गरम, निळसर ओझं आलं. हालचाल नाही, आवाज नाही.

"रडत नाही गं!"

"ठीक आहे. तोंड-नाक पुसा. आता टॉवेलनं पाठ चोळा. जोरात. घाबरू नका, ते मोडत नाही. चोळत राहा. मी आहे. चोळत राहा."

तिचा आवाज तसूभरही चढला नाही. तो चोळत राहिला. मग एक बारीकसा ठसका आला, आणि पाठोपाठ असं रडणं, की वरच्या मजल्यावर फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

"आईच्या छातीवर ठेवा. दोघांवर पांघरूण घाला. नाळेला हात लावू नका."

"मुलगी आहे," तो म्हणाला, आणि त्याला हुंदका आवरेना.

गाडीतली माणसं आली. त्यांच्यातल्या एकीनं जमिनीवरचा फोन उचलला. "ताई, तुम्ही होय! सुट्टीवर ना तुम्ही?" मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "काका, आम्ही पोचेपर्यंत लोकांना हाच आवाज धरून ठेवतो बघा."

तो वर आला तेव्हा ती मोबाईल मांडीवर ठेवून बसली होती.

"रोज असं असतं?" त्यानं विचारलं.

"रोज नाही. आणि दरवेळी रडतंच असंही नाही." ती खिडकीकडे पाहत म्हणाली, "नाताळच्या आदल्या दिवशी एक नाही रडलं. नंतर त्या बापाला फोन ठेववेना. मग मीही ठेवला नाही."

त्या संध्याकाळी ती न जेवता झोपली होती, आणि अन्न वाया गेलं म्हणून हा कुरकुरला होता. ते त्याला आता आठवलं. बावीस वर्षं हा आवाज किती अनोळखी घरांत, किती रस्त्यांच्या कडेला जाऊन बसला असेल! आणि तोच आवाज रोज त्याच्या शेजारच्या उशीवर झोपत होता.

तो कोचाला टेकून खाली बसला.

"तुझा पहिला फोन कुणाचा होता?"

तिनं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"एका आजोबांचा," ती म्हणाली. "बायको उठत नव्हती त्यांची. आणि ते मला परत परत विचारत होते, तिला हाक मारू का..."

ती सांगत गेली. दुपारची जेवणं त्या दिवशी चार वाजता झाली.